सवलत कोणाच्या दारी?



या व्यासपीठावर बोलण्याचे निमंत्रण घेऊन चालक आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही त्यांना प्रथम विचारले, "माणूस चुकला नाही ना?" कारण येथे विद्वान बोलतात आणि आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, आणि रात्री शब्दकोश उशाशी ठेवून. चालक हसून म्हणाले, "उन्हाळा आहे, उन्हाळ्यावरच बोला." म्हणून आजचा विषय घेतला. घर गार किंवा उबदार ठेवणारी, पण वीज आणि इंधन कमी खाणारी यंत्रे जो बसवील त्याला सरकारने करात सूट द्यावी, अशी एक कल्पना आहे. ही कल्पना अमेरिकेने १९७८ पासून अनेकदा राबवली, सोडली, पुन्हा राबवली. तिचे काय झाले ते आज पाहावयाचे आहे.

आपण विचाराल, अमेरिकेच्या भट्ट्यांशी आपल्या गावाचा काय संबंध? संबंध असा की तशीच मागणी आपल्याकडेही होऊ लागली आहे, आणि शेजारच्या शेतात पीक कसे आले हे पाहून मग आपली पाभर धरावी, हे शहाणपणाचे.

आमचा या विषयात शिरकाव झाला तो एका जुन्या सोबत्यामुळे. त्याचा मुलगा तिकडे ओहायो राज्यात नोकरीला आहे. त्याने २०२३ साली स्वतःच्या घरात नवे यंत्र बसवले. बापाला फोनवर सांगितले, "बाबा, सरकारने दोन हजार डॉलर सोडले." सोबती आनंदाने आमच्याकडे आला. म्हणाला, "बघा, सरकार असं असावं!" आम्ही म्हटले, "चांगले झाले. पण त्याला विचार, यंत्र बसवायला जो कारागीर आला होता, त्याच्या घरी कोणते यंत्र आहे?" सोबत्याला हा प्रश्न खवचट वाटला. पण त्याने विचारले. उत्तर आले, की तो कारागीर भाड्याच्या घरात राहतो, तेथे घरमालकाने बसवलेली जुनीच भट्टी आहे, आणि असली यंत्रे तो रोज दुसऱ्यांच्या घरी बसवतो.

तेव्हापासून आम्ही हा कायदा वाचू लागलो.

प्रथम यंत्र काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेतील बऱ्याच भागांत हिवाळा असा असतो की घर तापवल्याशिवाय माणूस जगत नाही. त्यासाठी घराच्या तळघरात किंवा एखाद्या कोपऱ्यात गॅसची वा तेलाची भट्टी असते आणि तिची ऊब नळ्यांतून खोल्यांत खेळवतात. उन्हाळ्यासाठी वातानुकूलन यंत्र वेगळे. आता ज्याचा बोलबाला आहे त्याला हीट पंप म्हणतात. आपल्या घरातल्या फ्रीजच्या मागे हात लावून पाहा. तो भाग गरम लागतो. आतली उष्णता उचलून बाहेर टाकणे, एवढेच काम फ्रीज करतो. भिंतीवरचा एसीही तेच करतो. हीट पंप हे काम दोन्ही दिशांनी करतो. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर नेतो, हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. थंड हवेतही थोडी उष्णता असतेच. विजेची शेगडी उष्णता स्वतः निर्माण करते. हीट पंपातली वीज मात्र निव्वळ हमाली करते, असलेला माल एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेते. त्यामुळे एक युनिट वीज साधारण तीन युनिट उष्णता आणून देऊ शकते. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण खाली येते, पण तरीही शेगडीपेक्षा ते परवडते. तेव्हा यंत्र चांगले आहे, यात आम्हांला शंका नाही. वाद आहे तो ते घेण्यासाठी मदत कोणत्या दाराने येते याचा.

आता इतिहास थोडक्यात. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले. अध्यक्ष कार्टर यांनी नोव्हेंबर १९७८ मध्ये एका कायद्यावर सही केली. घराच्या भिंतीत, माळ्यावर ऊब धरून ठेवणारे अस्तर घातले, तर पहिल्या दोन हजार डॉलरच्या खर्चावर पंधरा टक्के, म्हणजे जास्तीत जास्त तीनशे डॉलर करातून वजा. सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या साधनांना याहून मोठी सूट होती आणि १९८० साली ती चाळीस टक्क्यांवर, चार हजार डॉलरपर्यंत नेण्यात आली. घराघरांच्या छपरांवर सौर बंब बसू लागले. १९८५ अखेर सवलतीची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. त्याच सुमारास तेलही स्वस्त झाले. सौर बंबांचा धंदा कोसळला, आणि त्या धंद्यात हात तयार झालेले कारागीर दुसरीकडे पांगले.

पुढे वीस वर्षे गेली. २००५ च्या कायद्याने २००६ पासून सवलत परत आली, पण घराच्या सुधारणांसाठी एका करदात्याला साऱ्या जन्मात मिळून पाचशे डॉलर. २००९ व २०१० ही दोन वर्षे ती तीस टक्के, पंधराशे डॉलरपर्यंत झाली. पुन्हा पाचशेवर आली, मधूनमधून मुदत संपे, मागाहून वाढवली जाई. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी मोठा कायदा केला. १ जानेवारी २०२३ पासून खर्चाच्या तीस टक्के सूट, दरवर्षी नव्याने. हीट पंपाला वर्षाला दोन हजार डॉलरपर्यंत, साध्या मध्यवर्ती वातानुकूलन यंत्राला सहाशेपर्यंत, खिडक्यांना सहाशेपर्यंत. ही सवलत २०३२ पर्यंत चालेल असे कायद्यात लिहिले होते.

ऐकायला हे फार उदार वाटते. पण आम्ही करार वाचण्यात आयुष्य घालवलेली माणसे. करारात मोठ्या आकड्यांच्या खाली एखादा लहान शब्द दबा धरून बसलेला असतो. या कायद्यातला तो शब्द असा, की सवलत तुमच्या देय करापुरतीच आहे. उरलेली रक्कम रोख मिळणार नाही, आणि हीट पंपाच्या बाबतीत ती पुढच्या वर्षाच्या खात्यातही जाणार नाही.

हे समजण्यासाठी आपल्या वाण्याचे दुकान घ्या. वाण्याने जाहीर केले, "प्रत्येकाला दोनशे रुपयांची सूट, मात्र आजच्या बिलातून." ज्याचे बिल हजाराचे, त्याला दोनशे मिळाले. ज्याने पन्नास रुपयांचे तेलमीठ नेले, त्याला पन्नास मिळाले, दीडशे बुडाले. आणि ज्याच्या खिशात पैसाच नव्हता म्हणून तो दुकानात आला नाही, त्याला काही नाही. जाहिरात मात्र "प्रत्येकाला" अशीच.

आता डॉलरमध्ये पाहू. तीन कुटुंबे, तिघांनी दहा हजार डॉलरचा हीट पंप बसवला. तीस टक्के म्हणजे तीन हजार, पण मर्यादा दोन हजारांची. पहिल्या कुटुंबाचा वर्षाचा कर नऊ हजार होता. त्याला पूर्ण दोन हजार मिळाले. दुसऱ्याचा कर तीनशे होता. त्याला तीनशे मिळाले. तिसऱ्या घरात मिळकत इतकी तुटपुंजी की कर लागतच नव्हता. त्याला शून्य. यंत्र एकच, खर्च एकच, थंडीही एकच. ज्याची मिळकत मोठी त्याला मदत मोठी, आणि ज्याला सर्वांत अधिक गरज त्याला काहीच नाही.

शिवाय आणखी दोन अडसर. सवलत मिळते ती उच्च प्रतीच्या, म्हणजे अर्थातच महागड्या यंत्राला. आणि पैसे आधी खर्च करायचे, सूट पुढल्या वर्षी कराचा अर्ज भरताना. ज्याची भट्टी जानेवारीत, बर्फात, रात्री बंद पडली, तो पुढच्या वर्षीच्या सुटीची वाट पाहत बसत नाही. उधारउसनवार करून मिळेल ते स्वस्त यंत्र लावतो.

आणि भाडेकरू? अमेरिकेत सुमारे एक तृतीयांश संसार भाड्याच्या घरात आहेत. त्या घरात स्वतः न राहणाऱ्या मालकाला ही सूट नाही. भाडेकरूला कायद्याने ती मागता येई, पण दुसऱ्याच्या भिंतीवर हजारो डॉलरचे यंत्र कोण बसवील? मालक स्वस्तातले यंत्र घेतो, कारण विजेचे बिल त्याला भरायचे नसते. अशा तऱ्हेने जे घर सर्वांत जास्त वीज खाते, तेथेच ही सवलत पोचत नाही.

हा केवळ आमच्यासारख्या फाटकावर बोलणाऱ्याचा तर्क नव्हे. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाचे दोन अर्थशास्त्री, सेव्हरिन बोरेन्स्टाईन आणि लुकास डेव्हिस, यांनी कराच्या नोंदी तपासल्या. हीट पंप, सौर पट्ट्या, विजेच्या मोटारी आणि तत्सम साधनांसाठी दोन दशकांत सत्तेचाळीस अब्ज डॉलरच्या सवलती दिल्या गेल्या. मिळकतीप्रमाणे लोकांचे पाच सारखे गट केले, तर खालच्या तीन गटांना मिळून सुमारे दहा टक्के मिळाले. सर्वांत वरच्या एका गटाला सुमारे साठ टक्के. पाचांपैकी तिघांच्या पानात एक वाटी, आणि एकाच्या पानात सहा.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. सवलतीचा कैवार घेणारे म्हणतात, "श्रीमंताने यंत्र बसवले तरी धूर कमी झाला तो सगळ्यांचाच. आधी त्याने महाग घेतले म्हणूनच उद्या ते तुम्हांला स्वस्त मिळेल." या म्हणण्यात तथ्य आहे. २०२३ या एका वर्षात ३४ लाख कुटुंबांनी घरातल्या अशा सुधारणांसाठी व सौर पट्ट्यांसाठी सवलत घेतली, ती आठ अब्ज डॉलरहून अधिक होती. एवढ्या घरांत काम झाले, एवढ्या हातांना काम मिळाले. आम्ही ते नाकारीत नाही. पण याच डेव्हिस महाशयांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अमेरिकेत हीट पंप गरिबाश्रीमंतांच्या घरांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात आहेत, कारण ते कोठे बसतात हे मुख्यतः हवामानावर आणि विजेच्या दरावर ठरते. म्हणजे यंत्र गरिबाच्याही घरी आहे. सवलत तेवढी त्याच्या घरी गेली नाही.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो, नाहीतर आपण म्हणाल, हे गृहस्थ परक्यांचे दोष काढण्यात पटाईत आहेत. पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही एका कारखान्यात करार केला. त्यात एक कलम होते, की कामगाराने घरासाठी कर्ज काढल्यास व्याजाचा निम्मा वाटा कंपनी भरील. आम्ही गुलाल उधळला. वर्षाने हिशेब मागवला, तर त्या कलमाचा लाभ घेणारे बहुतेक सारे वरच्या श्रेणीतले निघाले. ओतशाळेत काम करणारा एक कामगार होता, पत्र्याच्या खोलीत राहणारा. त्याला आम्ही विचारले, तू का नाही अर्ज केलास? तो म्हणाला, "भाऊ, व्याज भरायला आधी कर्ज पाहिजे. कर्जाला बँकेत कागद पाहिजे. आमच्या खोलीला कागद कुठला?" दिवसभर भट्टीपुढे उभा राहून तो घरी जाई, तो पत्रा तापलेला. उन्हाळ्यात बायकापोरे मध्यरात्रीपर्यंत बाहेर रस्त्यावर बसत. त्या कलमाखाली सही आमची होती. कंपनीने फसवले नव्हते. आम्हीच विचारले नव्हते, की हा पैसा कोणत्या दाराने येणार, आणि ज्याला तो हवा त्याच्या घराला ते दार आहे काय.

अमेरिकेत दुसरे दार नव्हते असे नाही. १९७६ पासून तेथे एक योजना आहे. गरीब कुटुंबाच्या घरी कारागीर पाठवून फटी बुजवायच्या, अस्तर घालायचे, जरूर तर भट्टी दुरुस्त करायची, आणि घरच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. भाडेकरूलाही ती लागू आहे. २०२२ च्या कायद्यातही करसवलतीच्या शेजारीच साडेचार अब्ज डॉलरची आणखी एक तरतूद होती. कमी मिळकतीच्या कुटुंबाला खरेदी करतानाच किंमत कमी करून द्यायची, हीट पंपाला आठ हजार डॉलरपर्यंत. कराचा अर्ज नाही, पुढच्या वर्षाची वाट नाही. हे दार योग्य ठिकाणी होते. पण ते उघडले केव्हा? करसवलत साऱ्या देशात १ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाली. गरिबांच्या या सवलतीसाठी प्रत्येक राज्याने आपली व्यवस्था उभी करायची होती, आणि सर्वांत पहिले राज्य, न्यूयॉर्क, तयार झाले ते मे २०२४ च्या अखेरीस. एका दाराला कुलूपच नव्हते. दुसऱ्याची किल्ली घडवण्यातच जवळजवळ दीड वर्ष गेले, तेही पहिल्या राज्यात.

हा प्रश्न चैनीचा आहे असे कोणी समजू नये. ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहर ज्या जिल्ह्यात आहे, तेथे २०२३ साली उष्णतेने ६४५ माणसे दगावली. त्यांतली पुष्कळशी बेघर होती. पण जी घरात दगावली, त्यांतल्या बहुतेकांच्या घरी वातानुकूलन यंत्र होते. ते बंद पडलेले होते. जगातल्या अत्यंत धनाढ्य देशात, यंत्र भिंतीवर असताना, माणूस त्याच्याखाली उष्णतेने मेला. त्याला तीस टक्क्यांच्या सुटीचा काय उपयोग? त्याला कोणीतरी हत्यारांची पिशवी घेऊन यायला हवे होते.

आता शेवटचा अंक. ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या कायद्यावर सही केली, आणि २०३२ पर्यंत चालणार म्हणून लिहिलेली ही करसवलत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. सात वर्षे आधी. ज्यांनी तिच्या भरवशावर दुकाने काढली, उमेदवार शिकायला ठेवले, त्यांचा हिशेब चुकला. १९८५ साली सौर बंबांच्या कारागिरांनी जे पाहिले, ते चाळीस वर्षांनी त्यांच्या मुलांच्या पिढीने पाहिले. सवलत आली की घाई, गेली की मंदी. आम्ही कामगारांच्या बाजूने बोलतो म्हणून सांगतो, की लहान असली तरी टिकणारी मदत ही मोठ्या पण लहरी मदतीपेक्षा बरी. हात तयार व्हायला वर्षे लागतात, पांगायला एक महिना पुरतो.

मग आम्ही या करसवलतीच्या विरुद्ध आहोत काय? नाही. ती संपली याचा आनंद मानावा असे तिच्यात काही नव्हते. पण ती पुन्हा आली, किंवा आपल्याकडे तिची मागणी झाली, तर डोळे उघडे ठेवून व्हावी. आपल्याकडे २०२५-२६ पासून आयकराच्या नव्या पद्धतीत साधारणपणे बारा लाखांपर्यंतच्या मिळकतीला कर नाही. ही चांगलीच गोष्ट. पण त्याचा अर्थ असा, की उद्या कोणी "काटकसरी एसी घ्या, आयकरात सूट मिळवा" असे जाहीर केले, तर या सभागृहाबाहेर रिक्षा लावून उभ्या असलेल्या माणसाला तिचा एक पैसाही मिळणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. या सुटीला अर्ज लागत नाही, हे बरे. पण ती एका ताऱ्याच्या यंत्रालाही तीच आणि पाच ताऱ्यांच्या यंत्रालाही तीच. वीज वाचवणाऱ्याची तिने वेगळी कदर केलेली नाही. पुण्यात सौर बंबासारख्या सोयी करणाऱ्यास महापालिका मिळकतकरात पाच ते दहा टक्के सूट देते. चांगले आहे. पण जेथे गच्ची आपली नाही आणि मिळकतकराची पावती मालकाच्या नावावर आहे, तेथे ती थांबते.

याउलट एलईडी दिव्यांची आठवण करा. २०१५ पासून सरकारने दिवे ठोक भावात खरेदी केले आणि वीजबिल दाखवून ज्याला हवे त्याला स्वस्तात दिले. देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे गेले. त्यासाठी कोणाला आयकराचा अर्ज भरावा लागला नाही. झोपडीतला दिवा आणि बंगल्यातला दिवा एकाच खिडकीवरून गेला. दिवा सत्तर रुपयांचा आणि एसी तीसचाळीस हजारांचा, हा फरक आम्ही जाणतो. जे दिव्याला जमले ते एसीला तसेच्या तसे जमेल असे आम्ही म्हणत नाही. पण पंखा आहे, पत्र्यावर मारायचा पांढरा लेप आहे, छताखाली घालायचे अस्तर आहे. घर गार ठेवण्याच्या साधनांची सुरुवात एसीपासूनच झाली पाहिजे, असे कोणी सांगितले?

तेव्हा आपणांस विनंती एवढीच. यापुढे वर्तमानपत्रात कोणत्याही सवलतीची बातमी आली, तर टक्केवारी वाचण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा पैसा आधी मिळणार की मागाहून? ज्याला कर नाही आणि ज्याचे घर स्वतःचे नाही, त्याला तो मिळणार की नाही? आणि पुढचे सरकार आले तरी तो टिकणार काय? या तीन प्रश्नांची उत्तरे द्यायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आम्हांला त्या ओतशाळेतल्या कामगाराने ती एका वाक्यात दिली होती. तो आता निवृत्त झाला आहे. खोली तीच आहे, पत्राही तोच. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने पत्र्यावर स्वतःच चुना मारला होता आणि आम्हांला आत बसवून म्हणाला, "भाऊ, जरा फरक वाटतो का?"

वाटत होता. थोडा, पण वाटत होता.